सायंकाळच्या पंगतीसाठी सायीचा भाजलेला पास्ता
(वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे झालेले व्याख्यान)



महिला शाखेच्या सभेत पाककृतीवर व्याख्यान व्हावे यात नवल काहीच नाही. दिवाळीच्या फराळावर, उन्हाळी वाळवणांवर, उपवासाच्या पदार्थांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. आज आम्ही घेतलेला विषय मात्र सणावाराचा नाही. सोमवार ते शुक्रवार या पाच संध्याकाळांचा आहे. पदार्थही असा निवडला आहे की, त्याचे नाव ऐकताच मागच्या रांगांतून थोडी कुजबुज व्हावी. तो पदार्थ म्हणजे दूध, साय, चीज व भाज्या घालून ओव्हनमध्ये अथवा साध्या कढईत भाजलेला शाकाहारी पास्ता.

'आपल्या नगरच्या घरांत हे परके अन्न कशाला?' असा प्रश्न कित्येकांच्या मनात आला असेल. सरकारदरबारी २०२४ सालापासून आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे; परंतु बोलताना आपल्या तोंडी 'नगर' हाच शब्द येतो, आणि तो जुन्या-नव्या दोन्ही नावांत असल्यामुळे आम्हीही तोच वापरणार आहोत. तर नगरच्या घरांत हा पदार्थ कशाला, या प्रश्नाचे उत्तर आम्ही टाळणार नाही. पण त्याआधी आपल्या घरांतील संध्याकाळ कशी असते ते पाहिले पाहिजे.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ भगिनी आज शाळांत शिकवितात, बँकांत व सरकारी कचेऱ्यांत काम करतात, कित्येकजणी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत नोकरीस आहेत. संध्याकाळी सहा-साडेसहाला त्या घरी येतात. मुले भुकेलेली असतात, वडीलधाऱ्यांची जेवणाची वेळ ठरलेली असते. मग कणीक मळणे, भाजी चिरणे, आमटीला फोडणी देणे, आणि सर्वांत शेवटी तव्यापुढे उभे राहून एकेक पोळी गरमगरम पानात वाढणे. गरम पोळी हे आपल्याकडील मायेचे लक्षण मानतात, आणि ते खोटे नव्हे. परंतु त्या मायेचा हिशेब असा की, घरातील सर्व मंडळी जेवून उठेपर्यंत एक व्यक्ती उभी असते, आणि ती जेव्हा बसते तेव्हा तिच्या पानातील पोळी गार झालेली असते व समोर बोलावयास कोणी उरलेले नसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा वेळ रोज सरासरी २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. हे आकडे वाचून आमच्यापैकी कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

आम्ही या पदार्थाची शिफारस करतो ती याच कारणासाठी. हे अन्न एका भांड्यात होते, ते भांडे एकदाच पाटावर येते, आणि करणारी व्यक्तीही सर्वांबरोबर जेवावयास बसते. शिवाय पदार्थ भाजत असतो ती वीस मिनिटे तिची स्वतःची असतात. या वीस मिनिटांत हातपाय धुवावेत, देवापुढे दिवा लावावा, मुलाची वही पाहावी, किंवा काहीही करू नये. चव हा त्यानंतरचा मुद्दा. तीही चांगली असते हे ओघाने येईलच.

आता परकेपणाकडे वळू. पास्ता म्हणजे गव्हाचे घट्ट पीठ मळून, त्याला आकार देऊन, वाळवून ठेवलेले आणि लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात शिजविलेले अन्न. ही व्याख्या ऐकून आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायका म्हणतील, 'मग या तर आमच्या शेवया!' त्यांचे म्हणणे बरोबर आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाटावरच्या शेवया वळणाऱ्या, खाटेला यंत्र बसवून शेवया पाडणाऱ्या आणि काठ्यांवर त्या वाळत घालणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. लग्नघरी होणारे गव्हले, नखुले, मालत्या आणि बोटवे हेही त्याच जातीचे. गव्हल्याला गव्हाच्या दाण्यावरून नाव मिळाले. इटलीतही अगदी याच आकाराचा एक बारीक पास्ता आहे. त्याला 'ओर्झो' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ जव असा आहे. दोन देशांतील बायकांनी एकमेकींस न विचारता पिठाला दाण्याचाच आकार द्यावा व नावही धान्याचेच ठेवावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. विदर्भात काडीभोवती कणकेची पट्टी गुंडाळून उकडलेले सरगुंडे आमरसाबरोबर खातात. अकोले-संगमनेरकडे आणि पारनेरात थंडीच्या दिवसांत होणारे हुलग्याचे शेंगोळे पिठाच्या वळ्या रश्श्यातच शिजवून करतात. वरणफळांची गोष्ट तीच. तेव्हा एका भांड्यात पिठाचे तुकडे शिजवून संध्याकाळ निभावून नेणे आपल्या आज्यांना अपरिचित नव्हते.

पास्ता चीनमधून मार्को पोलोने इटलीत नेला, असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. ते खरे नव्हे. मार्को पोलो १२९५ साली स्वदेशी परतला. आणि त्याच्या कितीतरी आधी, ११५४ साली, अल्-इद्रीसी नावाच्या अरब भूगोलकाराने सिसिलीच्या रॉजर राजासाठी लिहिलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी शेवयांसारखा 'इत्रिया' नावाचा पदार्थ तयार होऊन जहाजांतून दूरदूर जातो, असे नोंदविले आहे. म्हणजे ज्यांचा म्हणून हा पदार्थ आपण समजतो, त्यांच्याकडेही तो भूमध्य समुद्रावरील व्यापाराच्या वाटेने वाढला.

खरे महत्त्व गव्हाचे आहे, आणि येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध जवळचा आहे. पोळीचा गहू निराळा आणि पास्त्याचा निराळा. पास्त्याला लागतो तो ड्युरम गहू. आपल्याकडे त्याला बन्सी म्हणतात. दाणा टणक, काचेसारखा चमकदार, पिवळसर झाक असलेला. तो दळला की पिठाऐवजी रवा पडतो, आणि त्या रव्याचा आकार उकळत्या पाण्यात मोडत नाही. लाडवाला किंवा शिऱ्याला वाण्याकडून 'बन्सी रवा'च आणावा असे आपल्या घरांतून आवर्जून सांगत, ते याच गुणामुळे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे निफाड येथे गव्हाचे संशोधन केंद्र आहे. तेथून निघालेले पंचवटी व गोदावरी हे दोन वाण याच बन्सी गव्हाचे आहेत. पंचवटी जिरायतासाठी, आणि शेवया, कुरडया व पास्ता यांसाठी हा गहू चांगला, अशीच त्याची ख्याती आहे. १९६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात असताना, त्याच्या गव्हापासून होणाऱ्या पदार्थाला परका म्हणताना आमची तरी जीभ अडखळते.

या माहितीचा व्यवहारात उपयोग असा की, दुकानातून पास्ता घेताना पुड्याची मागची बाजू वाचावी. 'ड्युरम गव्हाचा रवा' असे लिहिलेले असेल तरच घ्यावा. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच करण्याचे बंधन घातले. आपल्याकडे मात्र मैद्याचाही सर्रास विकला जातो, आणि सुटी मॅकरोनी तर कशाची आहे हे सांगणारा कागदच नसतो. मैद्याचा पास्ता उकळताना चिकट होतो, पाणी खळीसारखे दाट होते, आणि भाजल्यावर भांड्यात लगदा उरतो. 'आमचा पास्ता नेहमी गिच्च होतो' अशी तक्रार आम्ही पुष्कळजणींकडून ऐकली आहे. तीत हाताचा दोष थोडा आणि मैद्याचा फार.

शाकाहाराच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. काही जातींच्या पास्त्यात अंडे घातलेले असते. तसेच चीज करताना दूध फाडण्यासाठी जे रेनेट वापरतात, ते पूर्वापार वासराच्या जठरातून काढीत आले आहेत. इटलीचे प्रसिद्ध 'पार्मिजानो रेज्जानो' आजही त्याच रीतीने होते. त्यामुळे परदेशांतून कोणी पाहुण्यांनी प्रेमाने चीज आणले, तर ते चौकशी केल्यावाचून वापरू नये. आपल्याकडील प्रमुख दुग्धसंस्थांचे चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचे असते. पुड्यावरील हिरवा ठिपका पाहून घेतला की दोन्ही शंका फिटतात.

आता कृतीकडे येऊ. मापासाठी आम्ही वाटी व चमचा वापरतो. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० सालापासून मराठी गृहिणीला वाटी-चमच्याच्या मापाची सवय लावून दिली, आणि तराजूवाचून स्वयंपाक नेमका होऊ शकतो हे दाखविले. आमची वाटी २०० मिलिलिटरची आहे. चार-पाच माणसांच्या जेवणास पाव किलो पास्ता पुरतो. नळीच्या आकाराचा, ज्याला पेने म्हणतात, तो घ्यावा. नळीत सॉस शिरतो. अडीच लिटर पाणी खळखळ उकळू द्यावे, त्यात दोन चहाचे चमचे मीठ घालावे, मग पास्ता टाकावा व एकदोनदा ढवळावे. पाण्यात तेल घालण्याची गरज नाही. तेल लागलेल्या पास्त्यावरून सॉस निसटतो. पुड्यावर अकरा मिनिटे लिहिली असतील तर आठव्या-नवव्या मिनिटालाच उतरावा. दाताखाली मध्यभागी किंचित कणी लागली पाहिजे, कारण उरलेले शिजणे दुधात व्हावयाचे आहे. निथळण्यापूर्वी अर्धी वाटी पाणी काढून ठेवावे. गार पाण्याने पास्ता धुऊ नये.

पाणी उकळत असतानाच दुसऱ्या शेगडीवर भाज्या घ्याव्यात. फ्लॉवर, गाजर, मटार, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, पालक यांपैकी घरात असेल ते, सर्व मिळून तीन वाट्या. एक कांदा, चार लसूण पाकळ्या. मोठ्या आचेवर चमचाभर तेलात परताव्यात आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबावे. पालक घातला तर शिजवून हाताने पिळून घ्यावा. भाजीतले पाणी हा या पदार्थाचा शत्रू आहे. भाजताना ते सुटते व तळाशी साचते. चातुर्मासात ज्या घरी कांदा-लसूण वर्ज्य असतो तेथे दोन्ही वगळावेत, पदार्थाचे काही बिघडत नाही. शेतातली मटकी मोड आणून घरात असेल तर वाटीभर उकडून घालावी. पुस्तकात हे कोठे लिहिलेले नाही; परंतु पोट भरते, प्रथिनेही मिळतात, आणि आमच्या घरी आता मटकीवाचून हा पदार्थ होत नाही.

मुख्य भाग पांढऱ्या सॉसचा. पुष्कळजणींना याचेच भय वाटते, आणि ते अगदी अनाठायी आहे. ज्यांना पिठले व कढी येते त्यांना पांढरा सॉस येतोच. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे लोणी वितळवावे, त्यात तीन मोठे चमचे मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटे परतावे. येथे आपल्या हाताला आवर घालावा लागतो. बेसनाच्या लाडवाच्या सवयीने आपण पीठ खमंग होईपर्यंत भाजू लागतो. यात मात्र कच्चा वास गेला की थांबावे, रंग बदलू देऊ नये. मग पातेले खाली उतरवून पाऊण लिटर गार दूध थोडेथोडे घालावे. पहिल्या वाटीला घट्ट गोळा होईल, दुसरीला तो सैल पडेल. रवी किंवा तारेचा फेटणारा चमचा सतत फिरवीत राहिल्यास गुठळी होत नाही. पुन्हा आचेवर ठेवून ढवळत सहा-सात मिनिटे उकळावे. सॉस कढीपेक्षा किंचित दाट आणि पिठल्यापेक्षा पुष्कळ पातळ हवा. पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती तशीच राहावी. भाजताना तो आणखी घट्ट होतो, म्हणून 'जरा पातळच झाला' असे वाटले तर तो बरोबर झाला आहे.

मैदा नको असेल तर कणीक चालते. रंगाला बारीक ठिपके येतात, चव थोडी खमंग होते. पाथर्डी-कर्जत-जामखेडकडील घरांत ज्वारीचे पीठ सदैव असते. आम्ही त्याचाही सॉस केला आहे. तो किंचित रवाळ होतो, परंतु दूध तितकेच दाटते, आणि ज्यांना भाकरीची चव प्रिय आहे त्यांना तो अधिक रुचतो.

दुधाबद्दल आपल्या जिल्ह्यात काही सांगावे लागू नये. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले व प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांत चारा आला. पुढे सहकारी दूधसंघ आले. राहुरीच्या विद्यापीठाने गीर, जर्सी व होल्स्टिन यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. संगमनेर-राहात्याकडे सकाळी रस्त्याला लागावे तर दुधाच्या किटल्या दिसणार नाहीत असे होत नाही. अशा जिल्ह्यात राहून दुकानातून क्रीमचा डबा आणणे आम्हांस योग्य वाटत नाही. दोन दिवसांची साय अर्धी वाटी घ्यावी, फेटून एकजीव करावी, आणि सॉस आचेवरून उतरल्यावर शेवटी मिसळावी. म्हशीचे दूध असेल तर त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतोच. तेव्हा सायही निम्मी पुरे.

साय मिसळल्यावर किसलेले चीज सुमारे ६० ग्रॅम, मिरपूड, अर्धा चमचा मोहरीची पूड, आणि जायफळ किसून चिमूटभर. जायफळ आपण बासुंदीला व पुरणाला राखून ठेवले आहे. तिखटमिठाच्या पदार्थात ते घालावयाचे म्हणजे हात कचरतो. परंतु इटलीतही या पांढऱ्या सॉसमध्ये जायफळच घालतात. दूध आणि जायफळ यांचा मेळ दोन्हींकडच्या सुगरणींना सारखाच कळला. मीठ अगदी शेवटी, चव पाहून. चीजमध्ये ते आधीच भरपूर असते, आणि रक्तदाबाची माणसे आता घरोघरी आहेत. नगरी जिभेला हे सर्व मिळमिळीत वाटले तर हिरव्या मिरचीचा ठेचा चमचाभर सॉसमध्ये घालावा. शुद्धतेच्या अभिमान्यांना हे आवडणार नाही. त्यांनी आपल्या पानापुरते वगळावे. टोमॅटो मात्र दुधात सरळ टाकू नये. आंबटपणाने दूध फाटते. हवा असेल तर वेगळा परतून कोरडा करावा व भांड्याच्या तळाशी थर द्यावा.

पास्ता, भाज्या व सॉस एकत्र करून लोणी लावलेल्या भांड्यात ओतावे. फारच दाटले तर बाजूला ठेवलेले पाणी घालावे. वरून उरलेले ४० ग्रॅम चीज आणि दोन टोस्टांचा चुरा पसरावा. ओव्हन २०० अंश सेल्सियसवर आधी तापवून वीस मिनिटे ठेवावे. कडेने बुडबुडे येऊन वर सोनेरी पापुद्रा धरला की काढावे, आणि वाढण्यापूर्वी पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. पाण्याचे आधण ठेवल्यापासून पान वाढेपर्यंत सारा वेळ पन्नास मिनिटांचा. भाज्या सकाळी चिरून ठेवल्या तर चाळीस.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांनी हे ऐकून पदार्थ सोडून देऊ नये. खेड्यापाड्यांत संध्याकाळी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे ओव्हन असणाऱ्यांनाही दुसरी रीत ठाऊक पाहिजे. वर-खाली विस्तव ठेवून भाजणे आपल्याकडे जुनेच आहे. झाकणावर निखारे ठेवून नानकटाई करणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. जाड लोखंडी कढईत बोटभर जाडीचे मीठ पसरावे, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी. मग भांडे आत ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटे. भांडे स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे असावे. या रीतीने वरचा पापुद्रा लाल होत नाही, म्हणून टोस्टचा चुरा आधीच तुपावर परतून शेवटच्या पाच मिनिटांत घालावा. काहीजणी हे काम कुकरमध्ये करतात. परंतु कोरडा तापवून कुकर बिघडतो, तेव्हा कढईच बरी. तेच मीठ या कामासाठी पुन्हापुन्हा वापरता येते.

आता वडीलधाऱ्यांविषयी. पोळी-भाजी पोटात गेल्यावाचून जेवल्यासारखे वाटत नाही असे म्हणणारी माणसे प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांचा अवमान करून घरात कोणतेही नवे अन्न रुजत नाही. त्यांच्यासाठी सकाळची एक भाकरी झाकून ठेवावी, वाटीभर टोमॅटोचे सार करावे, काकडीची कोशिंबीर असावी. ज्यांचे दात गेले आहेत त्यांचा वाटा पाच मिनिटे अधिक भाजावा. आमचा अनुभव असा की, वृद्धांना पास्त्याचे वावडे नसते. त्यांना न विचारता बेत बदलल्याचे वाईट वाटते. मधुमेही व्यक्तीने मात्र वाटा लहान घ्यावा व भाज्या अधिक घालून घ्याव्यात. आणि हा पदार्थ आठवड्यातून एकदाच करावा, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. लोणी, साय व चीज रोज खाण्याच्या वस्तू नव्हेत. ज्वारीच्या भाकरीचे व पालेभाजीचे स्थान याने घेऊ नये, आणि ते घेण्याची याची योग्यताही नाही.

एका गोष्टीकडे ज्ञातिबंधूंचे लक्ष वेधावयाचे आहे. उत्तम पोळी करण्यास वर्षे लागतात. गोल लाटणे, पदर सुटणे, तव्याचा अंदाज येणे हे लहानपणापासून हाताला लागावे लागते, आणि 'मला पोळ्या येत नाहीत' या एका वाक्यावर आपल्या घरांतील पुरुष आजवर सुखाने बसून राहिले. या पदार्थात लाटणे नाही. पाणी उकळणे, भाजी परतणे, दूध ढवळणे आणि घड्याळ पाहणे एवढेच आहे. अकरावीतला मुलगा दोन संध्याकाळी पाहून तिसऱ्या संध्याकाळी स्वतः करू शकतो. पुण्यास शिकावयास अथवा नोकरीस गेलेले आपले कित्येक तरुण खोल्यांवर राहून हेच करून खातात, आणि सुट्टीत घरी आले की मात्र पाटावर बसून ताटाची वाट पाहतात. आपल्या संस्थेच्या वधूवर-सूचीत 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द अजून वधूंच्याच रकान्यात छापला जातो. पुढील वर्षी तो दोन्ही रकान्यांत छापावा, अशी सूचना महिला शाखा कार्यकारिणीकडे लेखी देणार आहे; ती केवळ विनोद म्हणून वाचली जाऊ नये.

ज्या घरी सासूबाई दुपारी घरी असतात व सुनेला मदत करू इच्छितात, त्यांनी पास्ता, भाज्या व सॉस एकत्र करून भांडे फ्रिजमध्ये झाकून ठेवावे. अशा वेळी सॉस आणखी वाटीभर दुधाने पातळ करावा, कारण पास्ता पडून राहिला की दूध शोषतो. संध्याकाळी जो प्रथम घरी येईल त्याने ओव्हन लावावा. गार भांड्याला वीसऐवजी तीस मिनिटे लागतात, आणि काचेचे भांडे असेल तर ते फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावे, नाहीतर तडकते. उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चमचे दूध शिंपडून झाकण ठेवून गरम केला की मुलांच्या डब्याला होतो; त्याहून अधिक ठेवू नये. कडेला करपून चिकटलेले चीज निघण्यासाठी भांड्यात जेवण होताच गरम पाणी घालून ठेवावे. ते घासण्याची पाळी कोणाची, हे ज्या त्या घराने ठरवावे. आमचे मत एवढेच की, ज्याने भाजले त्याची ती नसावी.

सभेनंतर मागील खोलीत दोन भांडी चाखण्यासाठी ठेवली आहेत. एक ओव्हनमधले आहे व एक कढईतले. कोणते कोणते हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवलेले नाही.